पात्याचं पाणी

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाती जमतात. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत मी पस्तीस वर्षं पोलादाच्या हार्डनिंगचं काम केलं. निवृत्त झालो, तरी ओळखीची माणसं सुरी, विळी, शिंप्याची कात्री, बागेतली छाटणीची कात्री घेऊन येतात. पूजेत मांडायचं हत्यार बोथट नसावं, असं त्यांना वाटतं आणि मलाही.

यंदा पिंपळगाव बसवंतहून एक तरुण बागायतदार आला. फडक्यात गुंडाळलेल्या दोन कात्र्या त्याने समोर ठेवल्या. एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या. एक त्याच्या वडिलांची, झिजून अरुंद झालेली. दुसरी दोन वर्षांपूर्वीची.

“काका, नाव तेच आहे, मॉडेल तेच आहे. आबांची कात्री वीस वर्षं चालली. ही दोन छाटण्यांत दमली. कंपनी बिघडली का हो?”

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. बहुतेक वेळा “जुनं ते सोनं” एवढं म्हणून लोक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. पण पोलादाच्या बाबतीत उत्तर तपासता येतं, म्हणून ते तपासूनच द्यावं.

आधी ‘पाणी’ म्हणजे काय, ते सांगतो. पात्याच्या साध्या पोलादात लोखंडासोबत साधारण ०.६ ते १ टक्का कार्बन असतो. ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की त्याची अंतर्गत रचना बदलते. तिथून ते पाण्यात किंवा तेलात झटकन बुडवलं, की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो आणि पोलाद कमालीचं कठीण होतं. लोहार याला पाणी देणं म्हणतो. पण असं नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं असतं, दगडावर पडलं तर तुकडे होतात. म्हणून ते पुन्हा हलकं तापवावं लागतं. २०० अंशांच्या पुढे घासलेल्या पृष्ठभागावर वाळक्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. जुना लोहार हा रंग पाहत बसायचा आणि हवा तो रंग धारेपाशी पोचला की पातं पाण्यात घालायचा. आम्ही भट्टीवरच्या तापमापकाकडे पाहत होतो, एवढाच फरक. थोडी कठीणता सोडून थोडा चिवटपणा घ्यायचा. किती सोडायची, हा निर्णय म्हणजेच पात्याचं पाणी. पाणीदार माणूस, पाणी जोखणं, पाणी दाखवणं हे शब्द उच्चारताना मला नेहमी भट्टीच आठवते.

आता नावाकडे येऊ. माझ्या आजोबांकडे पंचवटीतल्या घरी एक छोटा चाकू होता. बोरूला टाक काढायला ते तो वापरत. पात्यावर एक तारा आणि एक क्रॉस कोरलेला. हे इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचं चिन्ह. ते १६८२ पासूनचं. १८२२ मध्ये चौथ्या जॉर्ज राजाने या कंपनीला राजघराण्याची पुरवठादार म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास तिने १८२२ पात्यांचा एक प्रचंड चाकू घडवला, वर्षाला एक पातं या हिशोबाने, आणि पुढेही त्यात पाती वाढत गेली. हिंदुस्थानात रॉजर्सचा चाकू म्हणजे खात्रीचा माल. नाव इतकं मोठं झालं, की त्या चिन्हाची सर्रास नक्कल होऊ लागली. जर्मनीत बनलेली पाती शेफिल्डच्या नावाने विकली जातात, ही तिथल्या कारागिरांची जुनी तक्रार होती. ब्रिटिश संसदेने १८८७ मध्ये मालाच्या खुणांविषयी कायदा केला, त्यामागे अशा तक्रारींचा मोठा वाटा होता. पुढे १९३८ मध्ये जर्मनीनेही झोलिंगेन या चाकूंच्या शहराचं नाव कायद्याने राखून ठेवलं. तिथे घडलेल्या पात्यावरच ते नाव टाकता येतं. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे गावाच्या नावाची राखण का करावी लागते, हे आपल्याकडच्या बागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही.

मग रॉजर्सची गुणवत्ता घसरली का? आजोबांचा चाकू ज्या पोलादाचा होता, ते पोलाद बनवण्याची रीतच मागे पडली. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने शेफिल्डजवळ मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची पद्धत बसवली. दख्खनच्या लोहारांना मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. त्या पोलादाचं पातं एकेक करून हाताने घडवलं जाई, एका माणसाच्या हातून पाणी घेई, दुसऱ्याच्या हातून धार. विसाव्या शतकात हातघडणीची जागा पत्र्यातून ठोकून काढलेल्या पात्यांनी घेतली, मागणी बदलली आणि शेफिल्डचे कारखाने आटत गेले. १९७१ मध्ये रॉजर्स आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी वोस्टेनहोम एकत्र आल्या आणि पुढे ही दोन्ही नावं हात बदलत राहिली. आज रॉजर्सचं चिन्ह शेफिल्डमधल्याच दुसऱ्या उद्योगाकडे आहे. नाव, तारा आणि क्रॉस तेच असले, तरी पोलाद, हात आणि भट्टी वेगळी आहे. तेव्हा “रॉजर्स पूर्वीसारखा राहिला का” असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. कुठल्या काळातलं, कुठल्या भट्टीतलं पातं, असं विचारायला हवं. पाणी प्रत्येक लॉटला नव्याने द्यावं लागतं, ते नावाला चिकटून येत नाही.

घसरणीचा आणखी एक आरोप स्टेनलेसवर होतो. शेफिल्डमध्येच १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्लीने सुमारे १३ टक्के क्रोमियमचं, न गंजणारं पोलाद बनवलं. चाकू बनवणाऱ्या कारागिरांनी ते आधी जवळपास नाकारलंच. “न कापणाऱ्या चाकूंचा शोध लावणारा” अशी ब्रेअर्लीची हेटाळणी झाली. दोष पोलादाचा कमी आणि सवयीचा जास्त होता. या पोलादाला पाणी द्यायला १००० अंशांच्या वर जावं लागतं, आणि कारागिरांचे डोळे साध्या पोलादाच्या लाल रंगाला सरावलेले होते. आपल्या स्वयंपाकघरातही हेच घडलं. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडायचं, पुसून ठेवलं नाही तर रात्रीत गंज. स्टेनलेसची विळी आली आणि घरातल्या बायकांची ती कटकट गेली. त्या बदल्यात धार थोडी लवकर जाते. हा सौदा आपण खुशीने केला आहे. त्याला घसरण म्हणणं मला पटत नाही.

मऊ पातं म्हणजे वाईट पातं, असंही नाही. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कठीणतेच्या रॉकवेल मापात ५६ च्या आसपास असतं, जपानी सुऱ्या ६० च्या पुढे जातात. ते ५६ विचारपूर्वक ठेवलेलं आहे. साध्या दगडावर घरच्या घरी धार यावी आणि पातं वाकलं तरी तुटू नये, म्हणून. १८८४ मध्ये कार्ल एल्सनरने सुरू केलेल्या या कारखान्याला १९०९ मध्ये त्याच्या आईचं, व्हिक्टोरियाचं नाव मिळालं. १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादासाठीचा ‘इनॉक्स’ त्याला जोडला गेला. म्हणजे पोलाद बदललं, तेव्हा कंपनीने ते नावातच लिहून टाकलं. गिऱ्हाईकाला सांगून केलेला बदल आणि त्याच्या नकळत केलेला बदल यांत मी फार मोठा फरक मानतो.

नकळत होणारा बदल मी स्वतः पाहिला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक उत्पादक आमच्याकडे पात्यांचं हार्डनिंग करून घेत असे. सुरुवातीला त्याची मागणी ५६ ते ५८ ची होती. एका वर्षी त्याने ती दोन अंकांनी खाली आणली. दोन वर्षांनी आणखी दोन अंकांनी. मी कारण विचारलं. म्हणाला, “साहेब, लोक चाकूने नारळ फोडतात, डबे उघडतात. टोक तुटलं की दुकानात परत आणतात. बोथट झाला म्हणून आजवर एकही चाकू परत आलेला नाही.”

तो माणूस लबाड नव्हता. त्याच्यापर्यंत जे पोचत होतं, त्यालाच तो उत्तर देत होता. तुटलेलं पातं बोलतं, बोथट पातं गप्प राहतं. घरातली बाई चिडते, टोमॅटो चिरण्याऐवजी चेपते आणि वर्षभराने नवी सुरी आणते. कारखान्याच्या वहीत मात्र तक्रारी कमी झाल्याची नोंद होते आणि मालक समाधानाने आणखी एक अंक खाली येतो. पाणी असं उतरतं. कोणी एका दिवशी ठरवून उतरवत नाही.

मग पूर्वी ते का टिकत होतं? पूर्वी बोथट पात्याची तक्रार पोचवणारा एक माणूस होता. शिकलगार, किंवा सायकलवर चाक बसवून “सुरी-कात्रीला धाऽर” म्हणत गल्लीत येणारा धारवाला. त्याच्या हाताखालून दिवसाला कितीतरी पाती जात. दगडावर लावताच कोणतं पोलाद चावतं आणि कोणतं नुसतं घासलं जातं, हे त्याला कळे. “बाई, ही पुन्हा घेऊ नका” असं तो सांगे आणि ते आळीत पसरे. दुकानदारही त्याचं ऐकत. तो पात्यांचा खरा परीक्षक होता. तो गल्लीतून गेला आणि बोथट पात्याला वाचा उरली नाही. त्याच्या मागून आलेल्या विजेच्या कोरड्या चाकाने उलट नुकसान केलं. ठिणग्या उडवत धार लावली की कडा तापते, तिथे निळी झाक दिसली तर समजा, पाणी गेलं. चांगल्या कंपनीचं पातं असं पाच मिनिटांत मारलं जातं आणि दोष कंपनीवर जातो.

आणखी एक चकवाही लक्षात ठेवायला हवा. आबांची कात्री आज समोर आहे, पण त्याच काळातल्या वाईट कात्र्या केव्हाच भंगारात गेल्या. जुन्यांतलं उत्तम ते उरतं, आणि आपण त्याची तुलना नव्यातल्या कुठल्याही एकाशी करतो. शिवाय वीस वर्षं दगडावर घासून जुनं पातं पातळ झालेलं असतं, आणि पातळ पातं कमी जोरात कापतं.

हे सगळं मनात ठेवून मी त्या तरुणाच्या दोन्ही कात्र्या एका मित्राच्या कारखान्यात नेल्या आणि कठीणता मोजली. नवीचं पातं स्पष्टपणे मऊ निघालं. म्हणजे त्याची शंका खरी होती. पण मी त्याला आणखी एक विचारलं, “आबा धार कशी लावायचे?” तो आठवून म्हणाला, “रोज संध्याकाळी, गड्यांनी कात्र्या टेकवल्या की ओट्यावर निसणा घेऊन बसायचे.” आणि तू? तो गप्प झाला.

द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी. पेठ-सुरगाण्याकडची माणसं दिवसभर कात्री चालवतात. बोथट कात्रीने काडी कापली न जाता चेंगरते, आणि त्या माणसाचं मनगट संध्याकाळी सुजतं. पात्याच्या दर्जाची खरी किंमत तो मोजतो. त्याला मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. घरात एक निसणा ठेवा. पाण्याने ओला करा, पातं वीसएक अंशांच्या कोनात टेकवा, दोन्ही बाजू सावकाश ओढा. महिनाभरात तुमच्या बोटांना कळू लागेल, की कुठलं पोलाद धार धरतं आणि कुठलं नुसतं चकाकतं. मग बोथट पातं दुकानात परत न्या आणि सांगा, “तुटलेलं नाही, पण धार धरत नाही.” हे वाक्य पुरेशा तोंडांनी म्हटलं गेलं, तर ते उत्पादकाच्या वहीत पोचेल, आणि तिथून माझ्यासारख्या कोणाच्या तरी भट्टीपर्यंत.

त्या तरुणाला मी दोन्ही कात्र्यांना धार लावून दिली, आणि ती लावताना त्याला शेजारी बसवलं. नवीचे शेवटचे दहा ओढे त्यानेच ओढले. दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, त्याचा फोटो आला. पाटावर दोन्ही कात्र्या, झेंडूची फुलं, आणि शेजारी हळद-कुंकू लावलेला आबांचा निसणा.