पलटणीतल्या काकांना

पलटणीतल्या काकांनो,



हे पत्र कुणा एकाच्या नावाने नाही. मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक, हवालदार, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आपापल्या गावी परतलेल्या तुम्हा सगळ्यांना ते आहे. तुमच्या दोस्तीने आमचं घर सावरलं. ती तुमच्या पिढीबरोबर संपू नये असं मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या लहानपणी बाबांचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, पलटण आणि शेवटी ‘56 एपीओ’. ते कुठल्या डोंगरावर आहेत, हे त्यावरून कधी कळायचं नाही. पण अंतर्देशीय पत्राच्या शेवटच्या घडीवर दुसऱ्याच्या अक्षरात एक ओळ असायची : ‘वहिनी, काळजी करू नका, मी सोबत आहे.’ ते अक्षर बाबांच्या पलटणीतल्या धारवाडच्या काकांचं. त्यांच्या घरी कानडी. मराठी लिहायला ते पलटणीत शिकले. आई आधी ती ओळ वाचायची आणि मग बाबांचं पत्र.

ऑपरेशन मेघदूत 13 एप्रिल 1984 रोजी सुरू झालं. तेव्हापासून सियाचीनवर बारा महिने आपली फौज असते. तुमच्याही पलटणीची पाळी आली आणि तुम्ही वर गेलात. हिमनदीवरून चालताना सगळे एकाच दोराला बांधलेले. भुसभुशीत बर्फाखाली खोल भेग असते, ती वरून दिसत नाही. एकाचा पाय आत गेला, की बाकीच्यांनी जागीच रुतून दोर धरायचा. चौकीवर पोचल्यावर दोर सुटतो, पण बडी, म्हणजे जोडीला दिलेला सोबती, सुटत नाही. तिथल्या थंडीत नाक, गाल, बोटं पांढरी पडायला लागली तरी ज्याची त्याला कळत नाहीत, कारण तिथली जाणीवच गेलेली असते. ते दिसतं फक्त बडीला. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकमेकांचं तोंड बघायचं आणि रात्री मोजे उतरवून एकमेकांची पावलं तपासायची. बाबा सांगायचे, ‘माझे पाय माझ्यापेक्षा त्यानेच जास्त पाहिलेत.’ आपलं दुखणं आपल्याआधी दुसऱ्याला कळावं आणि त्याने ते अंगावर घ्यावं, अशी सवय माणसाला एकदा लागली की ती निवृत्तीच्या कागदावर सही केल्याने जात नाही.

ही रीत तुमच्याही आधीची आहे. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनियो नदीच्या काठी तुमच्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. समोरून मशीनगनचा मारा सुरू होता आणि आजूबाजूचे सोबती पडत होते. त्यांनी जखमी कंपनी कमांडरला उचललं, खोल पाण्यातून आणि काठाच्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं. परत जाऊन आणखी एका जखमी सोबत्याला आणलं. त्यानंतर ते पुन्हा पुढे गेले आणि मशीनगनची ठाणी एकट्याने गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही कथा नेहमी शौर्याची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र तिच्यातला क्रम मोठा वाटतो. आधी आपली माणसं मागे आणली, शत्रूकडे त्यानंतर वळले. पलटणीत माणसाची किंमत कशी करतात, ते त्या क्रमात दिसतं.

तुमच्या रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला, बसवर दगड पडले, की आमच्या घरचा फोन वाजायचा. धारवाडचे काका विचारायचे, ‘वाट बंद आहे, 4 फेब्रुवारीला कसे येणार?’ 1670 साली याच तारखेला तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला, म्हणून तो तुमच्या रेजिमेंटचा दिवस. त्या दिवसाआधी वाट मोकळी व्हावी एवढीच बाबांची आणि काकांची काळजी असायची. एका ताटात जेवलेल्या माणसांना भाषेवरून तोडता येत नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. घरी पाहिलं.

बाबा गेले आणि आईच्या पेन्शनच्या कागदांत घोळ निघाला. डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, त्यामुळे ही अडचण किती घरांत येते ते तुम्ही जाणता. आम्हा भावंडांना कुठून सुरुवात करावी हेच कळेना. धारवाडचे काका आले, खुर्चीत बसले आणि बाबांची पेटी उघडायला सांगितली. लग्नाची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर कोणत्या साली निघाली ते त्यांना पाठ होतं. आईचं प्रतिज्ञापत्र त्यांनी करून घेतलं, अर्जाला कोणता कागद जोडायचा ते सांगितलं आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात ते स्वतः जाऊन आले. गुडघे दुखत असताना. पेन्शन सुरू झाल्यावर आईने हात जोडले, तर म्हणाले, ‘वहिनी, तो असता तर माझ्या घरी हेच केलं असतं.’

काका, फौजेतल्या दोस्तीच्या गोष्टी लोक बर्फातल्या आणि गोळीबारातल्या सांगतात. माझ्या मते तिची खरी कसोटी त्या पेटीपाशी लागते, जेव्हा दोस्त उरलेला नसतो आणि समोर त्याची बायको बसलेली असते. आमच्याकडे ती दोस्ती पुरून उरली. पण आमचं नशीब एवढंच की आईला धारवाडच्या काकांचा नंबर माहीत होता. किती घरांत तो माहीत नसतो!

म्हणून काही मागणं आहे. तुमच्या बडीचं नाव, गाव आणि फोन नंबर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. वहीत लिहून डिस्चार्ज बुकाशेजारी ठेवा. बायकोचं आणि मुलांचं नाव, जन्मतारीख रेकॉर्डमध्ये बरोबर आहे का, ते हयात असतानाच तपासा आणि बडीलाही तपासायला लावा. पुढच्या 4 फेब्रुवारीला एकटे येऊ नका, मुलांना घेऊन या. आमची एकमेकांशी ओळख झाली तरच हे नातं पुढे चालेल. आणि गावात परतणाऱ्या अग्निवीरांना तुमच्यात घ्या. 2022 च्या योजनेनुसार त्यांची नोकरी 4 वर्षांची, त्यातले फार तर 25 टक्केच पुढे फौजेत राहणार आणि बाकीच्यांना पेन्शन नाही. थोडी वर्षं का होईना, त्यांनीही तोच दोर धरलेला असेल. त्यांना पलटण कमी मिळाली, दोस्ती कमी मिळू देऊ नका.

कळावे,
आपली,
एका हवालदाराची मुलगी