मॉरिशसचा निरोप

मुलांनो, सहलीला निघायचा पहिला दिवस कसा असतो हे काही मी तुम्हाला सांगायला नको. रात्रभर झोप नाही, पहाटे चारला आंघोळ, आणि डबा तर गाडी सुटायच्या आधीच अर्धा फस्त! पण सहलीचा शेवटचा दिवस? त्याबद्दल कुणी निबंधाला विषयच देत नाही. मी आज त्याच दिवसाची गोष्ट सांगणार आहे.

2018 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेचं लेझीम पथक मॉरिशसला गेलं होतं. सहावी-सातवीची बावीस मुलं, एक सर आणि मी. आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. विमान जवळून पाहिलेलं असं आमच्यात कुणीच नव्हतं, आणि त्यात मीही आले बरं का! तिथल्या मराठी मंडळींनी आम्हाला बोलावलं होतं. होय, मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज कोकणातून, घाटावरून उसाच्या मळ्यांत राबायला गेले ते तिथलेच झाले. घरात बोलतात क्रिओल भाषा, शाळेत शिकतात इंग्रजी आणि फ्रेंच, पण गणपती मात्र हौसेने बसवतात. कोकणातली जाखडी त्यांच्याकडे 'झाकरी' नावाने अजून नाचली जाते. आमची लेझीम आणि त्यांची झाकरी एकाच मांडवात झाली, तेव्हा कोण पाहुणे आणि कोण यजमान तेच कळेना.

आठ दिवस भुर्रकन उडाले. डोडो पक्ष्याचा सांगाडा पाहिला, सात रंगांची माती पाहिली, निळ्याशार समुद्रात डुंबलो. तिकडे ऋतू आपल्या उलटे! त्यामुळे दिवाळीत गुलमोहर फुललेला. गुलमोहर मुळात शेजारच्या मादागास्कर बेटावरचा, हे मला तिथेच समजलं. मी आपली इतकी वर्षं त्याला आमच्या शाळेच्या अंगणातला समजत होते!

मुलं दोन-दोन करून लोकांच्या घरी उतरली होती. आमच्या पथकातला सगळ्यात लहान मुलगा आणि त्याचा मित्र वाक्वा गावातल्या एका आजोबांकडे होते. या लहानग्याने पहिल्या रात्री रडून घर डोक्यावर घेतलं. त्याने हातातलं घड्याळ काही केल्या बदललं नाही. मॉरिशसची वेळ आपल्या दीड तास मागे. "बाई, माझं घड्याळ आईच्या वेळेवरच राहू दे. आता ती भाकरी थापत असेल, आता म्हशीची धार काढत असेल, ते मला कळतं," असं म्हणाला. मी पुढे काही बोललेच नाही.

त्या आजोबांना मराठी येत नव्हतं. हिंदी सिनेमे बघून बघून जमेल तेवढं हिंदी बोलायचे. पण एक वाक्य त्यांना येत होतं : "जेवलीस का?" त्यांची आजी रोज त्यांच्या बहिणींना तसं विचारायची, ते कानात बसलेलं. त्यामुळे आजोबा मुलगा असो, मुलगी असो, आमचे दांडगे सर असोत, सगळ्यांना "जेवलीस का?" असंच विचारायचे. मुलं तोंडावर हात धरून खिदळायची. लहानगा तर सगळ्यांत जास्त.

तर शेवटचा दिवस. विमान रात्रीचं. सकाळी आम्ही राजधानीच्या पोर्ट लुईस शहरात गेलो. निरोप द्यायचा म्हणून आजोबा आणि त्यांची नात दोघंही बसमध्ये चढली. बाजारात सगळ्यांनी दालपुरी खाल्ली. ती नेहमी दोनाची जोडी करून कागदात गुंडाळून देतात, आत भाजी आणि चटणी. पुरणपोळीत गूळ घालायला विसरल्यावर जशी लागेल तशी! "आता गावाकडे ही कुठे मिळणार?" म्हणून मुलांचे चेहरे उतरलेले. कुणी रुसलं होतं, कुणी खिडकीपाशी कोण बसणार यावरून भांडत होतं. शेवटच्या दिवशी मुलं अशीच वागतात. वाईट वाटत असतं, पण ते कबूल करायचं नसतं.

मग आम्ही बंदराजवळच्या आप्रवासी घाटावर गेलो. पूर्वी याला 'कुली घाट' म्हणत. 1835 साली मॉरिशसमधली गुलामगिरी बंद झाली. मळ्यांना माणसं तर हवीच होती. म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख माणसं जहाजांतून इथे आली. काहींना इथून आणखी पुढे, दुसऱ्या मुलुखांत पाठवलं गेलं. करार बहुधा पाच वर्षांचा. पाच वर्षांत परत येतो, असं घरी सांगून निघालेली किती माणसं असतील! घाटावर समुद्राच्या बाजूने वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. 2006 साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली.

पाहायला गेलं तर तिथे फार काही नाही. पडक्या भिंती, फरशी आणि त्या पायऱ्या. "एवढंच?" असं एकजण म्हणालासुद्धा.

मी सवयीने मुलं मोजली. एकवीस! पुन्हा मोजली. एकवीसच! मुलांनो, परदेशात, शेवटच्या दिवशी, एक मूल कमी भरतं तेव्हा बाईंच्या पोटात काय होतं ते तुम्हाला मोठं झाल्यावरच कळेल. मी आणि सर दोन दिशांना पळालो. तर हा लहानगा पायऱ्यांपाशी आजोबांजवळ उभा. आजोबांच्या हातात एक घडी घातलेला कागद होता.

मोका गावात महात्मा गांधी संस्थेत त्या काळातल्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. तिथून आजोबांनी आपल्या खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल आणली होती. प्रत्येक मजुराला एक नंबर असे. पुढे नाव, वय, जिल्हा, गाव. सगळं इंग्रजीत, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. जिल्हा होता 'रुटनागेरी'. "रत्नागिरी!" मुलं एकदम ओरडली. आणि गाव? सी-ओ-एल-यू-एम-बी. "कोलंबस!" एक दीडशहाणा म्हणाला, आणि पाठीत धपाटा खाऊन गप्प झाला.

आजोबांनी नातीकडून आम्हाला विचारवलं, हे गाव कुठे आहे? अजून आहे का? नात शाळेत मराठी शिकत होती. थांबत थांबत, पण अगदी शुद्ध बोलायची.

मुलांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आम्ही शोधून देऊ!" बावीसच्या बावीस जणांनी. मला खरं सांगायचं तर जरा धास्तीच वाटली. शेवटच्या दिवशी दिलेली वचनं आपण घरी पोचेपर्यंत विसरतो. पत्ते लिहून घेतो, मग ती वही सापडत नाही. आम्ही मोठी माणसंही हेच करतो. पण आजोबांचा चेहरा पाहिल्यावर "नको, वचन देऊ नका" असं म्हणायला जीभ रेटेना.

विमानतळाकडची वाट तासाभराची. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. जमीन वाहती करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा दगड. भूशास्त्रज्ञ सांगतात, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर आला, त्याच ठिकाणावर फार पुढे मॉरिशस बेट तयार झालं. तोवर भारत उत्तरेला सरकत गेला होता. हे मी माइकवरून सांगत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. सगळे खिडकीला नाक लावून गप्प. सकाळी भांडणाऱ्या दोघी एकाच खिडकीत.

विमानतळावर रडारड झाली ती झालीच. क्रिओलमध्ये निरोप घेताना 'सलाम' म्हणतात. नातीने प्रत्येकीला तीन-तीनदा सलाम केला. आजोबा रांगेच्या कडेने चालत एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होते आणि विचारत होते, "जेवलीस का?" "जेवलीस का?" या वेळी कुणी हसलं नाही.

लहानग्यापाशी आले. "जेवलीस का?"

"जेवले, आजोबा," तो म्हणाला.

त्याच्यामागून सगळे मुलगे "जेवले", "जेवले" म्हणत आत गेले. आमचे सरसुद्धा!

विमानात सगळ्यांनी घड्याळं दीड तास पुढे केली. लहानग्याला काही करावं लागलं नाही. थोड्या वेळाने त्याने माझी बाही ओढली. "बाई, आता तिकडे किती वाजले असतील?"

तुम्ही विचाराल, गावाचं काय झालं? मुलं विसरली नाहीत. महिनाभर त्यांनी नकाशे आणि तालुक्यांच्या गावयाद्या पालथ्या घातल्या. एक कोळंब मालवणजवळ सापडलं. आज मालवण सिंधुदुर्गात असलं तरी 1981 पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. एक कोळंबे रत्नागिरी तालुक्यात, आणि दुसरं कोळंबे संगमेश्वर तालुक्यात. आता तिन्हींपैकी खरं कोणतं? कागदावरून काही ठरेना. शेवटी मोठा नकाशा काढून तिन्ही गावांवर लाल टिकल्या लावल्या, खाली सगळ्यांनी सह्या केल्या आणि पाठवून दिला.

उत्तर आलं नातीच्या अक्षरात. नकाशा भिंतीवर लावला आहे, आजोबा रोज पाहतात, असं लिहिलं होतं. आणि खाली त्यांचा एक प्रश्न : या तिन्ही गावांपैकी समुद्र कोणत्या गावातून दिसतो?

पत्र वाचून होण्याआधीच लहानगा भूगोलाचा नकाशा आणायला धावला होता.