ज्याच्या हातीं चेंडू येत नाहीं

संपादक महाशयांनीं माजी विद्यार्थ्यांकडून परदेशवासाच्या आठवणी मागविल्या, तेव्हां त्यांची अपेक्षा नायगाराच्या धबधब्याची किंवा न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींची असावी. तीं दोन्ही स्थळें मीं पाहिलीं. परंतु इतरांनीं लिहून ठेविलें आहे त्याहून अधिक कांहीं मला दिसलें नाहीं. ओहायो संस्थानांत संख्याशास्त्राचा अभ्यास करीत असतांना 2014 सालीं एका धिप्पाड मुलाच्या खेळाची परीक्षा करण्याचें काम मजकडे आलें होतें. तें मीं कसें केलें, हें आजवर घरच्या मंडळींसही सांगितलेलें नाहीं. तेंच येथें सांगतों.

अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या शाळेच्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे, हें बालवाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. तेथील चेंडू लंबगोल असतो, तो बहुधा हातांनींच खेळतात, आणि प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. चढाई करणाऱ्या अकरांपैकीं पांच जण चेंडूच्या रेषेवर वांकून उभे राहतात: मध्यें सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस गार्ड, आणि टोकांस टॅकल. या पांचांची जी भिंत होते तिला ऑफेन्सिव्ह लाइन असें नांव आहे. भिंतीच्या मागें क्वार्टरबॅक चेंडू फेंकण्याच्या तयारींत असतो. त्यास दोन-तीन सेकंदांची स्वस्थता मिळवून देणें, अथवा चेंडू घेऊन धांवणाऱ्यास वाट करून देणें, हें त्यांचें काम. सेंटर डावाच्या आरंभीं चेंडू मागें देतो तेवढाच. बाकीच्या चौघांस सामन्यामागून सामने चेंडूचा स्पर्शही घडत नाहीं. साठ वेळां काम बिनचूक झालें तर त्यांची आठवण कोणास होत नाहीं. एकसष्टाव्या वेळीं प्रतिस्पर्ध्याचा अंगरखा धरला, कीं पंच सर्व प्रेक्षकांसमक्ष त्यांचा क्रमांक पुकारतो!

नॅशनल फुटबॉल लीगमध्यें 32 धंदेवाईक संघ आहेत. दरवर्षीं वसंत ऋतूंत ते महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची पाळीपाळीनें निवड करतात. तिला ड्राफ्ट म्हणतात. तिच्या फेऱ्या सात. 2014 सालीं त्यांत एकंदर 256 खेळाडू निवडले गेले. पहिल्या फेरींतील मुलाचे गुण आंधळ्यासही दिसावेत असे असतात. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत जो उरतो त्याच्यांत कांहीं ना कांहीं उणें असतेंच, आणि तें सर्वांस ठाऊक असतें. कोणाचे हात आंखूड, कोणाचें वजन कमी, कोणी दुबळ्या संघांशींच खेळलेला. म्हणून तेथें परीक्षकाचा प्रश्न निराळा होतो. कोणता दोष शिकवणीनें जाईल आणि कोणता जन्माचा सोबती आहे, एवढें त्यानें ओळखावयाचें.

माझ्या बिऱ्हाडीं राहणारा एक मित्र जवळच्या लहानशा महाविद्यालयांत लाइनच्या शिक्षकाचा मदतनीस होता. तेथील डाव्या टॅकलकडे एका धंदेवाईक संघाच्या परीक्षकाचें लक्ष गेलें होतें. त्या मुलानें मोठ्या विद्यापीठाविरुद्ध एकच सामना खेळला होता. त्याचें डावागणिक टिपण परीक्षकानें मागविलें. मित्र त्या आठवड्यांत आपल्याच परीक्षेंत बुडालेला. "तुला मोजणें आवडतें, तूं मोज," असें म्हणून त्यानें चित्रफीत माझ्या स्वाधीन केली.

तत्पूर्वीं त्यानें मला एक संध्याकाळ पाहावयास शिकविलें. मी चेंडूकडे पाहत होतों. तो म्हणाला, चेंडू विसर, पाय पाहा. डाव सुटतांच टॅकलनें पहिलें पाऊल कसें टाकलें? क्वार्टरबॅकचें रक्षण करतांना त्यास मागें मागें सरकावें लागतें, आणि तसें सरकतांना दोन्ही पाय एकत्र आले कीं तो उभ्या केलेल्या पेटीसारखा कोलमडतो. मग कंबर. गुडघे वांकवून जो कंबर खालीं ठेवितो त्याच्या अंगीं रेटा येतो. जो पाठीतून वांकतो त्याचें डोकें पुढें जातें व तोल सुटतो. हें ऐकतांच मला आमच्या गांवची तालीम आठवली. तेथील वस्ताद नव्या पोरास आठ-आठ दिवस एकही पेच दाखवीत नसत. पवित्र्यांत नुसतें उभें करीत व खांद्यावर हलकेंच ढकलून पाहत. ओहायोंतील त्या खोलींत मित्रानें मला तसेंच उभें करून ढकललें, आणि मी पलंगावर पडलों, हें सांगावयास हरकत नाहीं. (कुस्तीशीं हें साम्य माझ्या मनाचें नव्हे. स्टीफन नील नांवाचा मल्ल 1998 व 1999 सालीं अमेरिकेंतील महाविद्यालयीन कुस्तीचा विजेता ठरला. महाविद्यालयांत तो फुटबॉल खेळलाच नव्हता, आणि ड्राफ्टमध्यें त्यास कोणी घेतलें नाहीं. पुढें न्यू इंग्लंडच्या संघांत तो वर्षानुवर्षें गार्ड होता.)

मोजमापांचा भाग मला सोपा वाटला, आणि तेथेंच मी फसलों. निवडीपूर्वीं मुलांची उंची, वजन व हातांची लांबी मोजतात. चाळीस यार्ड धांवावयास लावितात. 225 पौंडांचें वजन उताणें पडून किती वेळां उचलतो तें पाहतात. लाइनवरचा गडी सामन्यांत चाळीस यार्ड क्वचितच धांवतो; म्हणून जाणते लोक त्यांतल्या पहिल्या दहा यार्डांचाच वेळ अधिक पाहतात. वजन उचलण्यांत आंखूड हातांचा मुलगा पुढें असतो, कारण त्यास तें थोडेंच अंतर न्यावें लागतें. उलट मैदानावर लांब हातांचा गडी प्रतिस्पर्ध्यास आधीं गांठतो. एकच अवयव एका कसोटींत गुण आणि दुसरींत दोष. आमच्या मुलाचे हात साडेबत्तीस इंच होते. टॅकलचे हात तेहतीस-चौतीस इंच असावेत असा सामान्य संकेत आहे. म्हणजे त्यास पुढें गार्ड व्हावें लागणार हें उघड होतें.

आकड्यांवर विसंबणाऱ्यास जेसन केल्सीची हकीकत सांगावी. तो सिनसिनाटी विद्यापीठांत शिष्यवृत्तीवांचून, धांवणारा गडी म्हणून आला आणि पुढें लाइनवर गेला. 2011 सालच्या चांचणींत त्याचें वजन अवघें 280 पौंड भरलें. सेंटरला तें फार कमी. परंतु चाळीस यार्ड तो 4.89 सेकंदांत धांवला, व त्या वर्षींच्या लाइनवाल्यांत तोच सर्वांत चपळ ठरला. फिलाडेल्फियाच्या संघानें त्यास सहाव्या फेरींत, 191 वा म्हणून घेतलें. पहिल्याच वर्षीं तो सर्व सोळा सामने आरंभापासून खेळला. 2024 च्या मार्चमध्यें निवृत्त होईपर्यंत सहा वेळां लीगच्या सर्वोत्तम संघांत गणला गेला. वजनाचें उणें त्यानें वेगानें भरून काढलें. 2014 सालीं त्याचें नांव आमच्या भागांत सर्वतोमुखीं होतें, मलाही माहीत होतें. आणि तरीही मीं जें केलें तें केलें.

त्या रात्रीं मीं वही आंखली आणि सामना पाहूं लागलों. पूर्वार्धांत आमच्या मुलाच्या वांट्यास 31 डाव आले. त्यांतील तीन डावांत समोरचा गडी त्यास चुकवून थेट क्वार्टरबॅकवर जाऊन आदळला. तीनही वेळां प्रकार एकच: आमचा मुलगा दोन्ही हात एकदम पुढें फेंकी, प्रतिस्पर्धी ते झटक्यानें खालीं उडवून देई, आणि हा ओणवा होऊन राही. मीं तें नीट लिहिलें, शेंकडेवारी काढली. दुसऱ्या दिवशीं मलाही एक निबंध द्यावयाचा होता. एकतीस डाव म्हणजे नमुना पुरेसा आहे, अशी मीं माझ्या शास्त्राच्या नांवानें मनाची समजूत घातली, आणि उत्तरार्ध न पाहतांच टिपण मित्राच्या हवालीं केलें. त्यानें विश्वासानें तें तसेंच पुढें धाडलें.

प्रत्येक डाव दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असें मीं गृहीत धरिलें होतें. नाणें शंभर वेळां उडविलें तरी कांहीं शिकत नाहीं. त्याच्यापुरतें तें खरें. आठ दिवसांनीं मित्रानें तो सामना सबंध पाहिला आणि मला हांक मारली. मध्यंतरानंतरच्या पहिल्याच डावांत मुलानें हात आंखडून ठेविले. प्रतिस्पर्ध्यानें झटका मारला तो वाऱ्यावर गेला. तो पुढें झुकला तोंच आमच्या मुलानें एकच हात, आंतल्या बाजूचा, त्याच्या छातीवर रोंवला. मग दुसरा. सबंध उत्तरार्धांत तो गडी क्वार्टरबॅकपर्यंत एकदांही पोंचला नाहीं. वीस मिनिटांच्या विश्रांतींत तो मुलगा आपला दोष ओळखून, सुधारून आला होता. आणि शेवटच्या फेऱ्यांत शोधावयाचें तें हेंच. मित्र मला रागें भरला नाहीं. त्यानें तेव्हांच दुसरें टिपण लिहून पाठविलें. त्यास उत्तर आलें नाहीं.

10 मे 2014 हा शनिवार निवडीचा तिसरा दिवस. मुलाच्या आईनें आम्हां दोघांसही घरीं बोलाविलें होतें. बाईंनीं पुष्कळ पदार्थ रांधले होते. सातव्या फेरींतील नांवें एकेक करून पडद्यावर येत होतीं, आणि तो सहा फूट चार इंचांचा मुलगा एका लहान खुर्चीवर फोन दोन्ही तळव्यांत धरून बसला होता. 256 वें नांव आलें. तें त्याचें नव्हतें. आई उठून स्वयंपाकघरांत गेली व तेथें तिनें नळ सोडला. त्यानंतर अर्ध्या तासानें फोन वाजला: न निवडलेल्या मुलांस संघ सरावासाठीं बोलावितात, तसें एका संघाचें बोलावणें होतें. मागें टिपण मागविणारा संघ तो नव्हे. ऑगस्टच्या अखेरीस संघ 53 गड्यांवर आणतात. त्या वेळीं त्यास घरीं पाठविण्यांत आलें.

माझें टिपण नसतें तर निराळें घडलें असतें कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. परीक्षकापाशीं दुसरीं कारणें असतील, आंखूड हात तर होतेच. 2025 च्या फेब्रुवारींत मीं पुण्यास भल्या पहाटे उठून अंतिम सामना पाहिला. फिलाडेल्फियाचा डावा टॅकल होता जॉर्डन मैलाटा: सिडनीचा रग्बी लीग खेळणारा, 6 फूट 8 इंच उंचीचा, जन्मांत एकही फुटबॉलचा सामना न खेळतां 2018 सालीं सातव्या फेरींत 233 वा निवडला गेलेला. त्याच्या संघानें त्यास दोन हंगाम एकाही अधिकृत सामन्यांत न उतरवितां शिकवीत ठेविलें होतें. सामना 40-22 असा फिलाडेल्फियानें जिंकला. मी मात्र चेंडूकडे पाहत नव्हतों.

आमचा मुलगा आतां ओहायोंतील एका हायस्कुलांत लाइनवाल्यांस शिकवितो. टिपणाची गोष्ट मीं त्यास 2016 सालीं पत्रानें कळविली. त्याचें उत्तर चार ओळींचें होतें. त्या सामन्याची फीत अजून मजजवळ असल्यास ती पाठवावी, विद्यार्थ्यांस पूर्वार्धांतले ते तीन डाव दाखवावयाचे आहेत, असें त्यानें लिहिलें होतें. मीं ती सबंध पाठविली.