भिलाई : नव्या नगरीचा जुना वारसा

भिलाईच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः २ फेब्रुवारी १९५५ या दिवसापासून धरला जातो. त्या दिवशी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लक्ष टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग स्थानकापलीकडच्या भातशेतांच्या जागी एक नगर उभे राहिले. कारखान्याच्या दृष्टीने हा कालक्रम यथायोग्य आहे. पण कारखान्याची जन्मतारीख हीच नगराची जन्मतारीख मानली, की त्या भूमीवर आधी कोण राहत होते, कोणत्या भाषेत लिहीत होते आणि कोणती गाणी गात होते, हे प्रश्न आपोआपच अनावश्यक ठरतात. भिलाईच्या बाबतीत नेमके असेच झाले आहे. या नगरीला वारसा नाही, आहे तो केवळ वर्तमानकाळ, ही समजूत तेथे राहणाऱ्यांमध्येही दृढ आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

चरोद्याच्या रेल्वेवसाहतीलगत देवबळोदा नावाचे गाव आहे. तेथे कलचुरींच्या काळातले, तेराव्या शतकातले शिवमंदिर उभे आहे. मंदिराच्या बाह्य भिंतींवर शिल्पांच्या रांगा आहेत. शेजारी पायऱ्यांचे कुंड आहे, आणि शिखर मात्र अपुरे आहे. या अपुरेपणाची एक लोककथा सांगितली जाते. शिल्पी विवस्त्र होऊन काम करीत असे आणि त्याची पत्नी रोज जेवण घेऊन येत असे. एके दिवशी पत्नीऐवजी बहीण जेवण घेऊन आली. लज्जेने शिल्प्याने कुंडात उडी घेतली आणि बहिणीने तलावात. शिखर तसेच राहिले. महाशिवरात्रीला येथे जत्रा भरते. पाळीवरून सुटलेले कामगार सहकुटुंब दर्शनाला येतात आणि मुलांना हीच कथा सांगतात. कथा सांगणारा आंध्रातून आलेला असो वा केरळातून, ती सांगताना तो या भूमीचाच झालेला असतो.

मराठी वाचकाला या भूमीशी असलेला आपला संबंध जरा वेगळ्या दारातून दिसतो. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर आली आणि कलचुरींची सत्ता नागपूरकर भोसल्यांपुढे नमली. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच त्यांनी राज्य केले. दप्तरात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. रतनपूरच्या टेकडीवर रामाचे मंदिर उभे राहिले. विजयादशमीला सोने म्हणून पाने देण्याची प्रथाही त्यांनीच येथे रुजवली, असे इतिहासकार नोंदवितात. बिंबाजींनंतर नागपुराहून सुभेदार येऊ लागले. विठ्ठल दिनकर या सुभेदाराच्या काळात जुनी गढव्यवस्था मोडून परगणे आखण्यात आले. कमाविसदार, फडणवीस, बराडपांडे असे अधिकारी नेमले गेले. ज्या छत्तीस गढांवरून या प्रदेशाचे नाव पडले असे मानतात, त्या गढांची व्यवस्था मराठी कारभाराने संपविली, हा योगायोग मराठी अभ्यासकाने विसरू नये.

या कारभाराकडे भाबड्या अभिमानाने पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. सुभेदार येत होते ते मुख्यतः वसुलीसाठी. त्यांचे लक्ष नागपूरच्या खजिन्याकडे होते आणि रयतेचे सुखदुःख त्यांच्या हिशेबवह्यांत फारसे उमटत नसे. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षक आला, १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा होताच तो कायमचा इंग्रजांच्या हाती आला. मराठी सत्तेची खूण म्हणून मागे राहिले ते काही शब्द, काही मंदिरे आणि काही आडनावे. दुर्ग परिसरातील कूर्मी शेतकऱ्यांच्या घरांत ‘देशमुख’ हे आडनाव आजही आहे. शब्द मराठी वतनदारीचा, धारण करणारे छत्तीसगढी. मूळ अर्थ विरला आणि शब्द दुसऱ्या भाषेच्या घरात सुखाने नांदू लागला. भाषांच्या संबंधांचे एक प्रांजळ रूप येथे पाहावयास मिळते.

पोलादाच्या कथेलाही नागपूरचा एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी दुर्गच्या दक्षिणेकडील डल्ली-राजहराच्या टेकड्यांतील लोहखनिजाची नोंद केली होती. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात एका अधिकाऱ्याची वाट पाहत असता वेळ घालविण्यासाठी समोरच्या संग्रहालयात गेले आणि तेथे टांगलेल्या भूवैज्ञानिक नकाशावर दुर्गजवळचे खनिजाचे गडद ठिपके त्यांच्या नजरेस पडले. टेकड्यांची पाहणी झाली. खनिज उत्तम होते, पण योग्य कोळसा व पाणी सोयीच्या अंतरावर नव्हते. १९०४ मध्ये बोस यांनीच मयूरभंजच्या खनिजाकडे टाटांचे लक्ष वेधले आणि कारखाना साकचीला, म्हणजे पुढच्या जमशेदपुराला, गेला. भिलाईला आणखी अर्धे शतक वाट पाहावी लागली.

ही प्रतीक्षा संपली तेव्हा मॉस्कोच्या संस्थेने आराखडे केले, उरलच्या कारखान्यांतून यंत्रे आली आणि सोव्हिएत तज्ज्ञ कुटुंबांसह येऊन राहिले. सेक्टर ७ मधील त्यांच्या वसाहतीला आजही ‘रशियन कॉम्प्लेक्स’ म्हणतात. १९७२ मध्ये मैत्रीबाग नावाचे उद्यान झाले. ज्या राष्ट्राच्या मैत्रीची ती खूण होती, ते राष्ट्र १९९१ मध्ये नकाशावरून नाहीसे झाले. बाग मात्र आहे आणि रविवारी तेथे गर्दी असते. दुसरीकडे रिसाली, मरोदा, रुआबांधा, खुर्सीपार, सुपेला ही गावांची नावे सेक्टरांना व वस्त्यांना चिकटून उरली. त्या गावांची शेते गेली, पंचायतीची झाडे गेली आणि शेतकऱ्यांची मुले, जमले तर, कारखान्यात लागली. जमिनीचा मोबदला कागदावर नोंदला गेला. गावाच्या आठवणीचा मोबदला कोणत्या खात्यात जमा करावयाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

या नव्या नगरात मराठी माणूस दुसऱ्यांदा आला. या वेळी तो सुभेदार म्हणून आला नाही. तो नागपूर, भंडारा, चंद्रपूर, अमरावतीहून आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, हातात नेमणुकीचे पत्र घेऊन आला. कोणी फिटर, कोणी नकाशे काढणारा, कोणी शाळामास्तर, कोणी परिचारिका. एका बाजूला तेलुगू शेजार, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर मल्याळी. अशा रांगेत त्याला दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले. रस्त्यावरची भाषा हिंदी, भाजीवालीची छत्तीसगढी, कारखान्यातली इंग्रजी आणि काही काळ रशियनही. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि गणेशोत्सवाच्या मांडवात. भोसल्यांच्या काळी दरबाराची असलेली भाषा आता घराची झाली. भाषेच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही घसरण म्हणता येईल. पण तिच्यात दुसऱ्यावर अधिकार गाजविण्याचा अंश उरला नव्हता, ही गोष्टही तितकीच लक्षणीय आहे.

अशा परिस्थितीत भाषेचे काय होते, याचे दोन थोर दाखले याच प्रदेशात आहेत. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे, हे तिघेही मराठी. सप्र्यांनी पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ मधील गोष्ट हिंदीतील पहिल्या कथांपैकी एक मानली जाते. जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावल्याची ती कथा आहे. या प्रदेशात पुढे जे घडावयाचे होते, ते ध्यानात घेता तिचा विषय अर्थपूर्ण वाटतो. दुसरा दाखला गजानन माधव मुक्तिबोधांचा. १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि १९६४ मध्ये निधन होईपर्यंतचा त्यांच्या लेखनाचा सर्वांत संपन्न काळ तेथे गेला. भिलाईच्या भट्ट्या पेटत होत्या ती हीच वर्षे आणि अंतर रेल्वेने तासाभराचे. घरची भाषा मराठी, बंधू शरच्चंद्र मराठीतले प्रतिष्ठित कवी, आणि स्वतः मुक्तिबोध हिंदी नवकवितेचे आधारस्तंभ. मराठीने या दोघांना गमावले, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु जी भाषा शेजारच्या भाषेला एवढे देऊ शकते, तिचा वारसा केवळ तिच्या स्वतःच्या ग्रंथसूचीत शोधणे अपुरे ठरेल.

छत्तीसगढी भाषा मात्र या काळात स्वस्थ बसली नव्हती. १९७१ मध्ये दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ‘चंदैनी गोंदा’ हा लोककलेचा प्रयोग रंगमंचावर आणला. त्यातील लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते व खुमान साव यांचे संगीत खेडोपाडी पोचले. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई एका हाती तंबुरा घेऊन पंडवानी गात पुढे आल्या. त्या कारखान्याच्या सेवेतही होत्या, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. डल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये संघटना बांधली, १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले आणि १८५७ मध्ये फाशी गेलेल्या सोनाखानच्या वीरनारायणसिंहाची विसरलेली स्मृती पुन्हा जागविली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवरहाउस स्थानकावर झालेल्या पोलिसी गोळीबारात अनेक कामगार प्राणास मुकले. ज्यांना इतिहास नाही असे मानले जात होते, त्यांनी आपला इतिहास स्वतः शोधला आणि त्याची किंमतही मोजली.

वारसा म्हणजे केवळ वास्तू नव्हे, हे समजण्यासाठी दूरच्या एका गावाकडे पाहणे उपयोगी पडेल. बेलारूसमधील मीर हे छोटे गाव तेथील सोळाव्या शतकातल्या किल्ल्यासाठी विख्यात आहे आणि २००० मध्ये तो किल्ला जागतिक वारसास्थळांच्या यादीत आला. याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून यहुदी धर्मविद्येची मोठी पाठशाळा होती आणि बाजारपेठेत यिद्दिश बोलली जात असे. दुसऱ्या महायुद्धात पाठशाळा गाव सोडून गेली. मागे राहिलेल्या यहुद्यांची १९४१-४२ मध्ये नाझींनी कत्तल केली. पाठशाळा कोबे, शांघाय अशी वणवण करीत शेवटी जेरुसलेम व न्यूयॉर्क येथे स्थिरावली आणि आजही ‘मीर’ हेच नाव मिरवते. किल्ल्याचे दगड पुन्हा बसविता आले. बाजारातले बोलणे परत आणता आले नाही. भिलाईवर असे कोणतेही अरिष्ट कोसळलेले नाही, आणि त्या दुःखाशी तिची तुलना करणे अनुचित होईल. तरी दगड टिकतात आणि बोलणे जाते, एवढा बोध कोणत्याही नगराला घेता येण्याजोगा आहे.

भिलाईत तर बोलणे जाण्याची एक खास व्यवस्थाच आहे. क्वार्टर हे कारखान्याचे असते. सेवानिवृत्तीनंतर ते ठरावीक मुदतीत रिकामे करावे लागते. पुढे काही घरे दीर्घ पट्ट्याने दिली गेली, तरी बहुतेकांच्या वाट्याला हाच नियम आला. तीस-पस्तीस वर्षांचा संसार चार दिवसांत ट्रकमध्ये चढतो. कपाटे जातात, भांडी जातात, देव जातात. माळ्यावरचा पत्र्याचा डबा मात्र खाली उतरवून रद्दीवाल्यापुढे ठेवला जातो. त्या डब्यात मंडळाच्या सभांचे वृत्तांत असतात, गणेशोत्सवातील नाटकाच्या हस्तलिखित नकला असतात, बायकांनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने काढलेले हस्तलिखित वार्षिक असते, गावाकडून आलेली आईची पत्रे असतात. मुलगा पुण्यात किंवा परदेशात असतो, नातवाला मराठी वाचता येत नाही, आणि नव्या सदनिकेत माळा नसतो. वजनाप्रमाणे पैसे मिळतात आणि एका भाषेची पन्नास वर्षे तराजूतून उतरून जातात.

कारखान्याच्या नोंदी सुरक्षित राहतील. किती टन पोलाद निघाले, देशाच्या लोहमार्गावर येथले किती रूळ पडले, याचे आकडे पुढील शतकालाही उपलब्ध होतील. देवबळोद्याच्या मंदिरास पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. मोडी कागद वाचणारे थोडे आहेत, पण निदान ते कागद कोठल्या तरी दप्तरात आहेत. पत्र्याच्या डब्याला मात्र कोणी वाली नाही. आणि हे केवळ मराठीपुरते नाही. शेजारच्या तेलुगू, बंगाली व मल्याळी क्वार्टरांतही असेच डबे आहेत, आणि रिसालीच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या स्मरणात गेलेल्या शेतांची नावे आहेत.

भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्यांना एका रस्त्यावर इतक्या भाषांची घरगुती कागदपत्रे अन्यत्र क्वचितच मिळतील. या कामाला मोठी इमारत लागत नाही. नगरातील एखाद्या ग्रंथालयातील दोन कपाटे, सेवानिवृत्तांच्या घरी जाऊन डबे मागून आणणारे चार विद्यार्थी आणि वृद्धांचे बोलणे टिपून घेणारे एक यंत्र एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पहिल्या पिढीतील जी माणसे अद्याप आहेत, ती आता नव्वदीच्या घरात आहेत. दर महिन्याला काही क्वार्टरे रिकामी होत आहेत.