सोनं नंतर, आधी टायटॅनियम

बेंबी टोचायची हे ठरवायला मला वर्ष लागलं. मग तिच्यात घालायचं काय? मैत्रिणींच्या मते हा दोन मिनिटांचा प्रश्न. मला लागले तीन आठवडे!

मैत्रिणींना हवं होतं लोंबतं फुलपाखरू, निदान खडेवालं काहीतरी. आईला बेंबी टोचणंच मान्य नव्हतं. पण टोचायचीच तर सोन्याने. "बाराव्या दिवशी तुझे कान सोन्याच्या तारेनेच टोचले. पिकले का? सोनं बाधत नाही."

आता आईशी वाद घालायचा तर अभ्यास हवा. शुद्ध सोनं सहसा बाधत नाही, हे खरं. पण दागिन्याचं २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. शिवाय ते मऊ. त्यावर चटकन ओरखडे उठतात आणि ताज्या जखमेला हवा गुळगुळीत धातू. कानाची पाळी दोनेक महिन्यांत भरून येते, बेंबीला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. जीन्सचं बटण, परकराची नाडी, दिवसभर खुर्चीत बसून पडणारी पोटाची घडी, सगळ्यांचं घासणं तिथेच.

त्यात माझी कातडी नखरेल. खोटे झुमके घातले की संध्याकाळपर्यंत कान लालबुंद. निकेलची अॅलर्जी, डॉक्टर म्हणाल्या. 'सर्जिकल स्टील' ऐकायला भारी वाटतं, पण नेहमीच्या ३१६ एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. ते फारसं बाहेर येत नाही, पण माझ्यासारखीने रिस्क का घ्यावी? मुलामा दिलेलं नको, कारण मुलामा उडाला की खालचा धातू थेट जखमेत. चांदी काळी पडते. उरलं टायटॅनियम, तेही इम्प्लांट ग्रेडचं. दुकानात मागताना 'एएसटीएम एफ-१३६' म्हणा. समोरचा गोंधळला तर सरळ पुढचं दुकान गाठा.

आता आकार. रिंग सुरुवातीला नकोच. ती फिरते, कपड्यात अडकते. किंचित वाकलेली दांडी, म्हणजे कर्व्ह्ड बार्बेल, बरी. जाडी साधारण १.६ मिलिमीटर, लांबी १० ते ११, म्हणजे सुजेला जागा राहते. फिरकीचे आटे आतल्या बाजूला हवेत; दांडीवर बाहेरून आटे असले तर भोकातून जाताना खरवडतात. दागिना ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेला हवा. आणि पिअर्सरने तुम्हाला उभं करून, मग बसवूनही बघायला हवं. बेंबीवर कातडीची पुरेशी कड नसेल तर चांगला पिअर्सर चक्क नाही म्हणतो.

मी घेतला दोन साध्या गोळ्यांचा, बिनखड्याचा, बिनफुलपाखराचा. एकदम बोअर! पण विचार केला तर आजवर माझ्या अंगावरचा प्रत्येक दागिना दुसऱ्याच कुणीतरी ठरवला होता. कानातलं आजीने, चमकी मावशीने, चेन आईने. सगळं प्रेमानेच. फक्त या अंगाला काय मानवतं, हे कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी विचारलं. फुलपाखरू ड्रॉवरमध्ये आहे, जखम पूर्ण भरेपर्यंत तिथेच राहील. आणि त्यानंतर सोन्याचं करायचं झालं, तर सोनाराकडे मी आईलाच घेऊन जाईन.