पंचनामा

अपघात झाला म्हणजे पोलीस येतात, आणि कोणी कांहीं हलविण्यापूर्वीं जें जसें असेल तें तसें लिहून घेतात. संगणकावर चाललेला प्रोग्रॅम मध्येंच कोसळला तर त्याचाही असाच पंचनामा होऊं शकतो, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या क्षणीं प्रोग्रॅमच्या स्मृतींत कोणतें काम चालू होतें, कोणत्या खणांत कोणता आंकडा होता, तें सर्व एका फाईलींत उतरून घेतलें जातें. लिनक्सच्या जगांत हिला 'कोअर' म्हणतात. पूर्वीं संगणकाची स्मृति चुंबकीय द्रव्याच्या बारीक कड्यांची विणलेली असे. त्या कड्यांचें हें नांव. कड्या गेल्या, नांव राहिलें. विजेचें बटण दाबतांना आपणही अजून दिवा 'लावतों'च कीं!

वर्गाचा निकाल तयार करण्यासाठीं आम्हीं तरुणपणीं शिकलेल्या सी भाषेंत एक लहानसा प्रोग्रॅम केला होता. तो पांच वर्षें सुरळीत चालला. यंदा छपाईचा भाग एका विद्यार्थ्याकडून नवा करून घेतला, आणि पहिल्याच दिवशीं 'सेग्मेंटेशन फॉल्ट' एवढे दोन शब्द दाखवून प्रोग्रॅम मरून पडला. "जुनें नीट चाललें होतें, तुम्ही मुलें हात लावतां आणि मोडून ठेवतां," असें आम्ही त्याला चार जणांदेखत बोललों. तो एवढेंच म्हणाला, "कोअर पाहूं या का, सर?"

कोअर कुठली असावयास! पुष्कळ ठिकाणीं त्या फाईलीची मर्यादा आरंभीं शून्यच ठेवलेली असते. 'यूलिमिट -सी अनलिमिटेड' अशी आज्ञा देऊन ती आधीं उठवावी लागते. शिवाय '-जी' हा संकेत देऊन प्रोग्रॅम कंपाइल केला नसेल, तर पंचनाम्यांत फंक्शनांच्या ओळी दिसत नाहींत. हें सारें करून आम्हीं रात्रीं प्रोग्रॅम मुद्दाम पुन्हां पाडला आणि फाईल जीडीबींत उघडली. 'बीटी' म्हटल्यावर हांकांची साखळी उलगडते: सर्वांत वर मेला तो, त्याच्या खालीं त्याला बोलावणारा, त्याच्याही खालीं त्याला बोलावणारा. सर्वांत वर त्या मुलाचेंच फंक्शन होतें. आम्हांला समाधान वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

पण प्रेत जेथें सांपडतें तेथेंच खून झालेला असतो असें नाहीं. त्याचें फंक्शन निकालाचा मथळा छापूं पाहत होतें, आणि मथळ्याचा पत्ता जेथें असावयाचा तेथें भलतेंच कांहीं होतें. एकेक बाइट उघडून पाहिला: ८०, ९७, ११५, ११५. आंकडे ओळखीचे वाटले. आस्की कोष्टकांत ८० म्हणजे पी, ९७ म्हणजे ए, ११५ म्हणजे एस. 'पास'! मथळ्याच्या पत्त्यावर कोणाचा तरी निकाल लिहिला गेला होता. पांच वर्षांपूर्वीं आम्हीं चाळीस निकालांपुरतीच जागा राखली होती, आणि तिच्या लगत मथळ्याचा पत्ता; यंदा वर्गांत एक्केचाळीस मुलें आहेत. छपाईचा जुना भाग असता तर तोही असाच मेला असता.

१९ जुलै २०२४ रोजीं जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें निळ्या पडद्यावर थिजलीं, त्याचेंही मूळ असेंच होतें. क्राउडस्ट्राइकच्या प्रोग्रॅमला वीसच बाबी मिळाल्या होत्या, आणि तो एकविसावी वाचावयास गेला. विमानें खोळंबलीं. या गोष्टीचा आम्हीं थोडा आधार घेऊन पाहिला. पण तेथें कोणा मुलाला चार जणांदेखत बोलल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्याच चार जणांदेखत आम्हीं त्याला ते चार बाइट दाखविले, आणि आमची ती ओळही. त्यानें वांकून दोन्ही पाहिलीं. "सर, तो एक्केचाळिसावा पास झालाय ना पण?"

झाला होता. मग आम्हीं ती फाईल पुसून टाकली. साऱ्या वर्गाचे गुण तिच्यांत उघडे पडलेले होते.