दृष्टीचा वारसा

वडिलांकडून मला स्थावर-जंगम असे काहीच मिळाले नाही; मिळाली ती केवळ पाहण्याची सवय. आठवडाभर सरकारी कचेरीत बारनिशीची दप्तरे सांभाळणारे ते गृहस्थ रविवारी भाईंदरच्या फलाटावर चर्चगेटची गाडी धरीत आणि मला काळा घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनात नेऊन एकेका चित्रापुढे इतका वेळ उभे करीत, की माझे पाय भरून येत. चित्राचे मर्म समजावून सांगण्याच्या फंदात ते सहसा पडत नसत. "आधी बघ, मग विचार," एवढेच म्हणत.

या शिक्षणाचा पुढचा धडा घराजवळच मिळे. उन्हाळ्यात मिठागरांतले पाणी आटत आले, त्यावर तांबूस झाक चढली आणि आगरी मजूर लांब दांड्याच्या फळीने मीठ बांधाकडे ओढू लागले, म्हणजे वडील मला तेथे नेत आणि पांढऱ्या राशीकडे बोट दाखवून तिच्यात किती रंग दिसतात ते विचारीत. राशीची सावली काळी नसून निळसर असते आणि दिवस कलला की तीच जांभळी होते, हे मी कोणत्याही ग्रंथात वाचण्यापूर्वी त्या बांधावर शिकलो.

त्यांचे आराध्य चित्रकार रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. जुन्या मासिकांतून कापून घेतलेली धुरंधरांची चित्रे त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत जपली होती. नऊवारीचा काष्टा, पदराची चुणी, डोईवरच्या ओझ्याने मानेला आलेला किंचित ताठपणा, हे सारे ज्या अचूक ममतेने त्या चित्रांत उतरले आहे, तिच्यामुळे उत्तनहून टोपल्या घेऊन आलेल्या कोळणी स्थानकाबाहेर दिसल्या की आजही मला धुरंधरांची रेषा आठवते.

कोल्हापूरहून आलेले धुरंधर 1890 साली सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि तेथेच अध्यापन करून 1931 साली निवृत्त झाले; 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हा त्यांचा ग्रंथ त्या दीर्घ सहवासाचाच वृत्तांत आहे. त्याच 1931 साली त्यांची कन्या अंबिका हिने त्याच शाळेतून पदविका मिळविली. मुलीने ब्रश हाती धरणे हा फार तर घरगुती छंद मानला जाई अशा त्या काळात पित्याने कन्येला आपल्या कलेची पूर्ण दीक्षा द्यावी, ही गोष्ट मला त्यांच्या पदकांहून आणि पदव्यांहून थोर वाटते. धुरंधर 1944 साली निवर्तले. अंबिकाबाई मात्र 2009 पर्यंत होत्या. पित्याच्या पश्चात पासष्ट वर्षे! त्यांचा उल्लेख मात्र बहुधा 'धुरंधरांची कन्या' एवढ्यावरच आटोपतो, आणि तो मला अपुरा वाटतो. कारण वारसा मिळणे हा योग असला तरी तो जन्मभर निभावणे ही स्वतंत्र तपश्चर्या आहे, आणि तिचे श्रेय ज्याचे त्यालाच दिले पाहिजे.

आमच्या मीरा-भाईंदरच्या नाट्यगृहाला लता मंगेशकरांचे नाव आहे, ही या संदर्भात मला मोठी समाधानाची बाब वाटते. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ 1942 साली गेले, तेव्हा लताबाईंना तेरावे वर्ष लागलेले होते. म्हणजे पित्यापाशी बसून शिकण्याची त्यांची वर्षे किती थोडी! अंबिकाबाईंना वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत जे छत्र लाभले, ते लताबाईंच्या डोक्यावरून ऐन कोवळ्या वयात नाहीसे झाले. तरीही दोघींनी ती ठेव अखेरपर्यंत सांभाळली.

त्या नाट्यगृहाच्या एखाद्या भिंतीवर धुरंधर पिता-कन्यांच्या चित्रांच्या उत्तम प्रतिकृती शेजारी शेजारी लावाव्यात आणि महापालिकेच्या शाळांतील मुलांना तेथे आणून, काहीही न सांगता, नुसते उभे करावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.